एक रुग्ण संपर्काबाहेर

डॉक्टर बसर्गेकरांच्या नावावर एकेचाळीस शोधनिबंध होते, आणि ते एकेचाळीसच्या एकेचाळीस राजमती मगदूमला ओळीनं पाठ होते. बढती असो, पुरस्काराचा अर्ज असो की परदेशातल्या परिषदेचं बोलावणं असो, डॉक्टरांच्या प्रकाशनांची यादी टाइप करायचं काम तिचंच. नवा निबंध छापून आला की यादीत एक ओळ वाढायची. आतला मजकूर तिनं कधी वाचला नाही. तेवढं इंग्रजी तिला झेपतही नव्हतं, शीर्षकं तेवढी कळायची. पण कुठल्या ओळीमागं कुठली गावं आहेत, हे तिनं झोपेतून उठून सांगितलं असतं. सतरावा म्हणजे चिकोडीकडच्या बायका. बाविसावा म्हणजे खानापूरच्या बाजूला केलेल्या चकरा. सत्ताविसावा म्हणजे कंग्राळी, सांबरा आणि बेळगावच्या अंगाची आणखी आठ गावं.

ती मूळची निपाणीची. वडील आण्णाप्पा मगदूम तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. बाविसाव्या वर्षी तिला शेडबाळला दिली आणि दोन वर्षांनी ती ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, आण्णाप्पांनी विचारलं नाही. त्या दोन वर्षांतून तिच्या हाती एकच गोष्ट लागली, ती म्हणजे घरगुती, चुलीपुढची कानडी. पुढं तिनं टायपिंग केलं, बाहेरून बी.ए. केलं, एका शाळेत कारकुनी केली, आणि चाळिशी ओलांडल्यावर बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात किरणोपचार विभागात कंत्राटी नोकरीला लागली. खासबागेत एक खोली घेतली. सोमवार ते शनिवार बेळगाव, रविवारी निपाणीला धाकट्या भावाकडं, बाळगोंडाकडं.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर ओटीपोटाला किरण देतात. तिकडच्या बायका त्याला लाईट घेणं म्हणतात. लाईटीनं बऱ्याच जणींचा कॅन्सर आटोक्यात येतो, पण तिची झळ शेजारच्या आतड्यालाही बसते. मग कुणाला सहा महिन्यांनी, कुणाला वर्षानं, शौचातून रक्त जायला लागतं. कळ आली की दम धरवत नाही. दिवसातून दहादा पळावं लागतं. डॉक्टर बसर्गेकरांचा अभ्यास ह्याच होरपळलेल्या आतड्यांचा होता. बायका एकदा घरी गेल्या की इस्पितळात परत येत नसत, म्हणून राजमतीनं त्यांच्या गावी जायचं, फॉर्म भरायचा आणि रजिस्टरात नोंद करायची.

फॉर्म परदेशातून आलेला होता, मराठी-कानडी भाषांतर करून छापलेला. त्यात एक प्रश्न होता: ‘आपल्या शौचविषयक तक्रारींचा आपल्या सामाजिक जीवनावर कितपत परिणाम झाला आहे?’ सगळ्या बायका म्हणायच्या, “काय न्हाय.” राजमती ‘अजिबात नाही’वर खूण करायची आणि पुढच्या घरी जायची.

एकदा भोजमध्ये एका म्हातारीनं असंच “काय न्हाय” म्हटलं. राजमतीचं लक्ष परसातल्या दोरीकडं गेलं. एका दिवसाची सात लुगडी वाळत होती. तिनं फॉर्म बाजूला ठेवला.

“आज्जी, पुतणीचं लगीन झालं म्हणं गेल्या महिन्यात. गेलतासा काय?”

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “कसं जायाचं बाई? मांडवातच झालं तर?”

त्या दिवसापासून राजमतीनं छापील प्रश्न वाचायचं सोडून दिलं. ती आपलं आपलं विचारायची. लग्नाकार्याला जाता का? एसटीत बसायचं असलं तर आदल्या दिवसापासनं जेवता का? पाव्हण्यांच्या घरी मुक्कामाला राहता का? शेतात कामाला गेल्यावर बायकांच्यात बसता की कडेला? कापडाची घडी घेता का, दिवसाला किती? बायका बोलायला लागल्या. एवढं बोलायला लागल्या की रजिस्टराच्या समासात मावेना.

डॉक्टरांनी ते समास वाचले आणि तिला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. “राजमती, हे तू काय केलंस तुला माहीत नाही,” ते म्हणाले. “मोठमोठ्या लोकांना हे सुचलेलं नाही. ह्याचा पेपर होतो.”

पेपर झाला. तिचे पाच प्रश्न इंग्रजीत एका चौकटीत छापले गेले. दोनेक वर्षांत इतर शहरांतले डॉक्टरही ते वापरू लागले, आणि त्या प्रश्नावलीला बसर्गेकरांचं नाव पडलं. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार’. डॉक्टरांनी ती बोट ठेवून दाखवली. राजमतीनं त्या पानाची झेरॉक्स काढून रविवारी निपाणीला नेली. “क्षेत्रीय कर्मचारी म्हंजे मीच की रं,” ती बाळगोंडाला म्हणाली. तिला तेव्हा खरोखरच आनंद झाला होता. पुढं ही गोष्ट आठवली की तिला स्वतःचीच शरम वाटायची.

कंग्राळीची मालुबाई ह्या सगळ्या बायकांत निराळी होती. वय पंचावन्नच्या आसपास, रताळ्याचं शेत, दोन म्हशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा रवळू. लाईटीचे पंचवीस दिवस तिनं एकही खाडा न करता पुरे केले होते, सकाळी धारा काढून आणि संध्याकाळी पुन्हा धारा काढायला घरी. राजमती पहिल्यांदा गेली तेव्हा मालुबाईनं फॉर्मकडं बघितलंच नाही. म्हणाली, “तुमी जैनाच्या न्हवं आक्का? मग दिवस बुडायच्या आत खाऊन घ्या. कागद मागनं.” तिनं चूल पेटवली, कांदा-लसूण न घालता वांग्याची भाजी केली आणि गरम भाकरी वाढली. राजमतीला एवढ्या वर्षांत एवढ्या घरांत चहा मिळाला होता, पण तिचा नेम विचारून कुणी जेवायला घातलं नव्हतं.

मालुबाईला रक्त सुरू झालं ते लाईट संपल्यावर दहाव्या महिन्यात. तेव्हा डॉक्टरांचा नवा अभ्यास चालू होता: असा रक्तस्राव उपचाराशिवाय वर्षभरात आपोआप किती कमी होतो ते बघायचं. चौसष्ट बायका घेतल्या होत्या. दर तीन महिन्यांनी फॉर्म. वर्षाच्या आत कुणाच्या आतड्याला दुर्बिणीतून उपचार झाला, तर ती बाई अभ्यासातून बाद. मालुबाईनं कागदावर अंगठा दिला तो राजमतीच्या शब्दावर.

तिसऱ्या महिन्याच्या फॉर्मला रक्त थोडं होतं. सहाव्या महिन्याला राजमती गेली तर मालुबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर कागदासारखी पांढरी. म्हशीची धार आता रवळूची बायको काढत होती.

“जिन्यावरनं वर गेले की धाप लागत्या,” मालुबाई म्हणाली. “बाकी बरं हाय. तुमी जेवलासा?”

दुसऱ्या दिवशी राजमती सकाळीच डॉक्टरांच्या दारात उभी राहिली.

“सर, कंग्राळीची मालुबाई. रक्त लई जातंय. पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवू या. दुर्बिणीतनं रक्ताची जागा जाळतात की ते.”

डॉक्टर काहीतरी लिहीत होते. “कितवा फॉर्म झाला?”

“दुसरा.”

“मग अजून दोन राहिले. मध्येच दुर्बीण घातली तर केस गेली. लोहाच्या गोळ्या वाढवून दे.”

“सर, पांढरीफटक पडल्या ती.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “राजमती, तुझा जीव अडकतो माणसांत, ते चांगलं आहे. पण रक्त जाणाऱ्या दहांतल्या नऊ जणी आपोआप बऱ्या होतात. हे आपण सिद्ध केलं की हजारो बायकांचा दुर्बिणीचा त्रास वाचेल. दिवाळीच्या फॉर्मपर्यंत थांबायला सांग, मग बघू. तुझं ऐकेल ती.”

राजमतीनं गोळ्या घेतल्या आणि कंग्राळीला गेली. मालुबाई तिचंच ऐकत होती हे खरं होतं. डॉक्टरांचं तोंडसुद्धा तिला नीट आठवत नव्हतं.

“दिवाळी होऊ दे मावशी. मग मी स्वतः येऊन घेऊन जाते तुम्हाला,” राजमती म्हणाली.

“तुमी म्हंतासा तर थांबते की,” मालुबाई म्हणाली.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी रवळूचा फोन आला. आई आदल्या दिवशी पहाटे परसात गेली ती तिथंच बसली, आणि उचलून आत आणेपर्यंत संपली. राजमती पहिल्या बसनं गेली. माती होऊन गेली होती. परसातल्या दगडावर पाणी ओतून ओतून धुतलेलं दिसत होतं. तिनं रवळूच्या बायकोला तारीख, वेळ विचारली आणि परत येऊन रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं: ‘मयत. राहत्या घरी. अति रक्तस्राव.’ खाली सही केली. डॉक्टरांना दाखवलं. “अरेरे,” ते म्हणाले, आणि पानावर आपलीही सही केली.

त्यानंतर तिनं आठ वर्षं त्यांच्याच हाताखाली काम केलं. ते तिला का सोडता आलं नाही, हे तिनं पुढं पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. एक तर नोकरी होती. दुसरं, लाल शाईनं लिहिलंय, डॉक्टरांची सही आहे, म्हणजे जे झालं ते कागदावर आहे, वरपर्यंत गेलं आहे, अशी तिची समजूत होती. कारकुनाची समजूत. सत्ताविसावा निबंध आला तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे यादीत ओळ चढवली आणि मनात म्हणाली, ह्यात मालुबाई आहे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कंत्राट संपलं. विभागानं शाल दिली, डॉक्टरांनी छोटंसं भाषण केलं, आणि ती निपाणीला भावाच्या घरी कायमची राहायला आली. बाळगोंडाचं शेतीच्या पाइपांचं दुकान होतं. त्याची थोरली मुलगी श्रद्धा त्याच बेळगावच्या इस्पितळात एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करत होती. श्रद्धा लहानपणापासून आत्त्याच्या अंथरुणात झोपलेली पोर. आत्त्याच्या फिरतीच्या गोष्टी ऐकत वाढली, आणि डॉक्टर व्हायचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलं असं बाळगोंडा म्हणायचा.

एका रविवारी श्रद्धा ओसरीवर सेमिनारची तयारी करत बसली होती. विषय किरणोपचारानंतरचा आतड्याचा त्रास. बोलता बोलता म्हणाली, “आत्त्या, बसर्गेकर सरांचा तो कंग्राळीचा पेपर सगळे वापरतात गं. पुस्तकात आलाय.”

“वाच की,” राजमती म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. “सगळा वाच. मराठीत सांगत जा.”

श्रद्धा वाचत गेली. चौसष्ट रुग्ण. सरासरी वय. गावं. मग एक तक्ता आला. “चौसष्टपैकी त्रेसष्ट जणींचा अभ्यास पूर्ण झाला. एक रुग्ण संपर्काबाहेर गेली.”

“काय गेली?”

“संपर्काबाहेर. म्हणजे पत्ता लागला नाही. गाव सोडलं असेल, फोन बदलला असेल.”

राजमतीचा हात सुपात थांबला. “आणि मयत?”

“मयत नाही कुणी. हेच तर महत्त्वाचं आहे. शेवटी लिहिलंय बघ, एकाही रुग्णाचा मृत्यू झाला नाही, म्हणून पहिलं वर्षभर उपचार न करता थांबून पाहणं सुरक्षित आहे.” श्रद्धानं मान वर केली. “आत्त्या? काय झालं गं?”

राजमतीनं सूप खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. वांग्याच्या भाजीपासून धुतलेल्या दगडापर्यंत. आपण काय बोललो तेही गाळलं नाही. श्रद्धा रडली आणि मग तापली. “हे चुकीचं नाही आत्त्या, हे पाप आहे. आम्हाला वॉर्डात हेच शिकवतात, वर्षभर थांबवा म्हणून. परवाच मी एका हुक्केरीच्या बाईला गोळ्या देऊन घरी पाठवलं. आपण त्या मासिकाला पत्र लिहू. मी लिहून देते इंग्रजीत. फक्त माझं नाव नको घालूस.”

“तुझं कशाला? मीच सांगितलं हुतं थांबा म्हणून.”

पत्राला पुरावा पाहिजे होता. राजमती कंग्राळीला गेली. रवळू आता चाळिशीचा झाला होता. रताळ्याच्या वेलांतून तो बांधावर आला आणि उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं. आईचं नाव कागदात हरवलेल्या माणसांत घातलंय, हे त्याला समजायला थोडा वेळ लागला.

“हरवली म्हंजे? इथनंच न्हेली की आमी तिला. सगळं गाव हुतं.”

“तेच कळवायचंय रवळू. तिचा मृत्यूचा दाखला पाहिजे. पंचायतीतला.”

त्यानं खुरपं बांधाच्या मातीत रोवलं. “आक्का, एक इच्चारू? डॉक्टर काय आमच्या दारात आलता काय कधी? न्हाय. तुमीच आलतासा. तुमीच म्हणलासा दिवाळीपातूर थांबा म्हणून. मी तवाच मोटार ठरवलती, केएलईच्या न्हाय तर मिरजेच्या दवाखान्यात न्यायची म्हणून. आई म्हणली, आक्कानं सांगितलंय, मी हलायची न्हाय.”

मोटारीचं राजमतीला आजवर माहीत नव्हतं.

रवळू घरात गेला, पेटीतून दाखला काढून आणला आणि तिच्या हातात दिला. “न्या. पर काम झाल्यावर पोस्टानं पाठवा. तुमी नगा येऊ.”

पत्र गेलं. तीन महिने काही नाही. मग मासिकानं ते इस्पितळाकडं पाठवलं आणि तिथून चौकशीचं बोलावणं आलं. चौघांची समिती, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. डॉक्टर बसर्गेकर एका कडेला बसले होते. आता ते विभागप्रमुखच नव्हते, कॉलेजचे उपप्राचार्यही झाले होते. तिला बघून ते उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढं सरकवली.

अध्यक्षांनी विचारलं, “मूळ रजिस्टर तुमच्याकडं आहे?”

“विभागात आहे साहेब. सत्तेचाळिसावं पान. लाल शाई. सरांची सही आहे खाली.”

अध्यक्षांच्या शेजारच्या बाईंनी कागद चाळले. “दहा वर्षांपूर्वीची रजिस्टरं नियमाप्रमाणं नष्ट केली आहेत. गेल्या मार्चमध्ये. प्रत ठेवली होती तुम्ही?”

“न्हाय. ती इस्पितळाची वस्तू. मी कशी घरी नेणार?”

“पंचायतीच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण अशक्तपणा लिहिलंय.”

“गावात तेच लिहितात साहेब. डॉक्टरनं बघितलंच न्हाय तर काय लिहिणार?”

अध्यक्ष खुर्चीत मागं टेकले. “तुमच्या पत्रातच आहे की रुग्णाला थांबायला तुम्ही सांगितलंत. तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. कुठल्या अधिकारात सांगितलंत?”

“सरांनी सांगितलं म्हणून.”

“लेखी?”

राजमतीनं बसर्गेकरांकडं पाहिलं. ते टेबलाकडं बघत होते. मग मऊ आवाजात म्हणाले, “राजमतीबाई आमच्या घरच्यासारख्या. फार जीव लावायच्या रुग्णांना. एखादीचं मनाला लागून राहतं माणसाच्या. वय होतं, आठवणींची सरमिसळ होते. माझी काही तक्रार नाही त्यांच्याविरुद्ध. उलट मी म्हणेन की त्यांच्यावर कुठलीही कारवाई करू नये.”

“कारवाई माझ्यावर?” राजमती म्हणाली. “करा की. मी कुठं न्हाय म्हंते? मी सांगितलं, ती थांबली, ती मेली. माझ्यावर करा आणि त्यांच्यावरबी करा. पर ती मेली एवढं लिहा तरी.”

ते मात्र त्यांनी लिहिलं. पुढल्या पावसाळ्यात मासिकात दुरुस्ती छापून आली. चार ओळींची. श्रद्धानंच फोनवर वाचून दाखवली. संपर्काबाहेर गेलेली म्हणून नोंदवलेली एक रुग्ण अभ्यासाच्या काळात घरी मरण पावल्याचं नंतर कळलं आहे. मृत्यूचा संबंध उपचारांशी किंवा आजाराशी असल्याचा पुरावा नाही. निबंधाच्या निष्कर्षांत कोणताही बदल होत नाही. लेखक ही बाब निदर्शनास आणणाऱ्यांचे आभारी आहेत.

“पुन्हा आभार,” राजमती म्हणाली.

अलीकडं श्रद्धा ह्या विषयावर बोलत नसे. चौकशीनंतर दोनेक आठवड्यांनी बसर्गेकरांनी तिला वॉर्डातून बोलावून घेतलं होतं, एवढं तिनं घरी सांगितलं होतं. काय म्हणाले, विचारलं तर, “काही नाही, चांगलं बोलले. आत्त्या कशा आहेत म्हणाले.” मग ती दर रविवारी येईनाशी झाली. पीजीच्या प्रवेशाची परीक्षा जवळ आली आहे, म्हणायची.

परीक्षेचा निकाल लागला आणि श्रद्धाला त्याच कॉलेजात, किरणोपचार विभागात जागा मिळाली. मेहनतीची पोर होती, गुण तिचे तिनं मिळवले होते. त्यात कुणाचा हात नव्हता. ती पेढे घेऊन आली, बाळगोंडानं दुकानातल्या माणसांना वाटले, बस्तीत देवापुढं नेऊन ठेवले. दुपारी जेवणं झाल्यावर श्रद्धा राजमतीच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली.

“आत्त्या, तुला एक दाखवायचंय. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच दाखवते.”

तिनं फोन पुढं केला. नवा शोधनिबंध होता. गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या बायकांची माहिती एकत्र करून केलेला. वर नावांची ओळ. शेवटचं नाव बसर्गेकर. त्याच्या आधी, सातवं, श्रद्धा बाळगोंडा मगदूम.

राजमतीनं चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं. “तू काय केलंस ह्यात?”

“तक्ते तपासले. संदर्भ लावले. सर म्हणाले, एवढं केलंस तर नाव घालायलाच पाहिजे. इंटर्नचं नाव कोण घालतं गं? पुढं फेलोशिपला लई उपयोग होतो ह्याचा.”

“बायका किती आहेत ह्याच्यात?”

“दोनशे अकरा.”

“त्यातल्या एकीचं नाव सांग.”

“पेपरात नावं नसतात आत्त्या.”

“मला ठावं हाय नसतात ते. तुला एकीचं तरी ठावं हाय का विचारते.”

श्रद्धाचा चेहरा लाल झाला. “मालुबाईचं आहे. पण ती ह्यात नाही. तिला वगळलंय. माहिती अपुरी म्हणून.” मग ती एकदम म्हणाली, “मी काय करायला पाहिजे होतं? नको म्हणायचं? तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली काढायची आहेत मला. तू काढलीस की आठ. तेसुद्धा सगळं माहीत असून.”

ह्यावर राजमतीला राग यायला हवा होता. पण पोरगी बोलली ते खोटं नव्हतं, आणि तिच्या तोंडून ते ऐकताना बांधावरच्या रवळूपेक्षाही जास्त लागलं. तिनं चष्मा काढून त्याची घडी केली. “तुझं नाव बरोबर छापलंय,” ती म्हणाली. “आमच्या आण्णाप्पांच्या नातीचं नाव म्हणून एरवी बरं वाटलं असतं मला.” आणि ती उठून परसात गेली.

श्रद्धा बेळगावला होस्टेलवर राहायला गेली. हुक्केरीच्या बाईचं पुढं काय झालं, हे राजमतीनं तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मालुबाईचा दाखला राजमतीनं रजिस्टर पोस्टानं कंग्राळीला पाठवला. पोचपावतीवर रवळूची सही आली, बाकी काही नाही. जुन्या बायकांतल्या कुणीकुणी अजून तिला फोन करतात. ती त्यांना सरळ मिरजेला जायला सांगते, आणि जमेल तिच्याबरोबर स्वतःही जाते, सकाळच्या गाडीनं, दिवसभर बाकावर बसून. काहींना गुण येतो. काहींना फार उशीर झालेला असतो.

रविवारी संध्याकाळी श्रद्धाचा वडलांना फोन येतो. बाळगोंडा ओसरीवर फेऱ्या मारत बोलतो, मेसचं जेवण, ड्युटी, थंडी. मग फोन कानापासून बाजूला करून स्वयंपाकघराच्या दारात येतो. “आक्का, श्रद्धा हाय. बोलतीस काय?”

राजमती तव्याकडं बघत म्हणते, “तव्यावर भाकरी हाय म्हणावं.”